घरशाळेत मुलांना ख्रिस्ती विश्वासात कसं वाढवावं: आईसाठी

घरशाळा सुरू करताना आई आधी पुस्तकं, फळा आणि वेळापत्रक जमवते. मीही तेच केलं. तासाला तास लावला आणि दोन महिन्यांत मुलं माझ्याकडे आई म्हणून येईनाशी झाली, बाईंकडे यावं तशी यायला लागली. म्हणून सुरुवात दुसरीकडून करा. (नोंदणी आणि परीक्षांचे नियम देशागणिक वेगळे असतात. त्यांची चौकशी मात्र पहिल्याच आठवड्यात उरका.)

१. आधी स्वतः वचनापाशी बसा. मुलं उठण्यापूर्वीची पंधरा मिनिटं पुरतात. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातला (६:६-७) क्रम पाहा: वचन प्रथम आपल्या हृदयात, मग मुलांच्या मनावर. आणि तेही घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. त्याला वेगळा तास नाहीच.

२. रोज एकत्र थोडं वाचा आणि मुलांना सांगू द्या. मार्ककृत शुभवर्तमानापासून आरंभ करा. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचं. एक प्रसंग वाचा, पुस्तक मिटा आणि म्हणा, ‘आता तू सांग.’ घरच्या शिक्षणाचा विचार मांडणाऱ्या शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांचा या पद्धतीवर आणि छोट्या पाठांवर मोठा भर होता. मूल सांगत असताना मध्ये दुरुस्ती करू नका, हे सगळ्यांत अवघड. वादळाच्या गोष्टीतून (मार्क ४) लहानग्याला फक्त येशूच्या डोक्याखालची उशी आठवेल. आठवू द्या. ती उशी फक्त मार्कानेच नोंदवली आहे, म्हणजे पोराने नीट ऐकलंय! भ्यालेल्या शिष्यांबद्दल पुढच्या वेळी विचारा. गणित, भाषा, विज्ञानालाही हीच रीत चालते.

३. प्रत्येक मुलाला एकट्याचा वेळ द्या. धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या आई सुसाना वेस्ली यांना १९ मुलं झाली, त्यांतली १० जगली. त्यांना घरीच शिकवत असताना त्या रोज संध्याकाळी एकेका मुलाशी निवांत बोलत. १७१२ च्या त्यांच्या पत्रात कोणत्या वारी कोण, हेही लिहिलेलं आहे. आठवड्याला अर्धा तास काढा. त्यात अभ्यासाचा विषय नको.

४. शिस्त लावा, पण वचनाची छडी करू नका. शिक्षा म्हणून वचन शंभरदा लिहायला लावलं, की ते वचन मुलाला आयुष्यभर कडू लागतं. ‘मुलांना चिरडीस आणू नका’ हे इफिस ६:४ मध्ये बापांना सांगितलंय, पण दिवसभर घरी असणाऱ्या आईला ते जास्त लागतं. आवाज चढला, तर त्याच दिवशी, नाव घेऊन, मुलाची क्षमा मागा. ‘तूही ऐकत नव्हतास ना’ असं शेपूट जोडू नका. मग दोघांनी मिळून प्रार्थना करा. पश्चात्ताप म्हणजे काय, हे मुलांना इथे दिसतं.

५. सगळा भार एकटीने उचलू नका. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आई युनीकेबरोबर आजी लोईसमध्येही होता. वडिलांना, आजीला, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एकेक काम सोपवा. आठवड्यात एक दिवस वह्या बंदच ठेवा.

एखाद्या दिवशी मूल विचारेल, ‘देव माझं ऐकतच नाही, मग प्रार्थना कशाला?’ घाबरून लगेच उत्तर देऊ नका. जवळ घ्या, स्तोत्र १३ उघडा. तेही ‘कोठवर?’ याच प्रश्नाने सुरू होतं. वाचून झाल्यावर थोडं गप्प बसा.