वर्गात गूगल डॉक्सवर एकत्र लेखन करताय? या चुका टाळा

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला. ती पहाट पाहिलेली माणसं औसा, लोहारा, उमरगा तालुक्यांतल्या गावांत आजही आहेत. आठवी-नववीच्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या आठवणी एकत्र लिहून काढाव्यात, याहून चांगला लेखनाचा प्रकल्प मला सुचत नाही. पण असं काम गूगल डॉक्सवर सुरू केलं की बऱ्याचदा दोन दिवसांत विस्कटतं. दोष मुलांचा नसतो, आखणीचा असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्ख्या वर्गाला एकच डॉक्युमेंट आणि ‘लिंक असलेला कोणीही एडिटर’ अशी परवानगी. लॉगिन न करता लिहिणाऱ्याचं नावच दिसत नाही. कुणीतरी चुकून सगळं सिलेक्ट करून पुसतं, मग आरडाओरडा. असं झालंच तर घाबरू नका. संगणकावर फाइल मेनूतली व्हर्जन हिस्टरी उघडा आणि आदल्या वेळचा मजकूर परत आणा. पुढच्या वेळी चार-पाच जणांच्या गटाला वेगळं डॉक्युमेंट द्या; त्या गटाला एडिटर ठेवा, बाकीच्यांना फक्त कॉमेंटची परवानगी.

आता कॉमेंट. ‘छान लिहिलंय’ ही कॉमेंट बंदच करा. एकमेकांचं वाचणं हाच या साधनाचा खरा फायदा आहे, म्हणून कॉमेंटमध्ये प्रश्नच हवा. ‘आजी विसर्जन बघून आली होती, मग त्या रात्री ती माळवदाखाली झोपली की अंगणात?’ असा प्रश्न आला की लिहिणारी पोरगी पुन्हा आजीजवळ जाऊन बसते. दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं कोसळून माणसं गेली, हे तिला पाठ्यपुस्तकाआधी आजीकडून कळतं. अशा दोन प्रश्नांनी लेख कुठल्या कुठं जातो.

शिक्षकांनी मुलांच्या वाक्यात थेट दुरुस्ती करू नये. सजेस्टिंग मोड लावा, म्हणजे काय बदललं ते त्यांना दिसेल. आजीच्या तोंडची बोली मात्र तशीच राहू द्या, ती चूक नव्हे.

रेंज नसते, फोन वडिलांसोबत रानात जातो. ॲपमध्ये फाइल ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवा. रेंज आली की लिहिलेलं आपोआप चढतं. टायपिंग जमत नसेल तर मराठीत बोलून लिहिता येतं, पण त्याला इंटरनेट लागू शकतं आणि नंतर वाचून बघावंच लागतं. बीडकडची लेकरं दसरा-दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांना गटातून काढू नका. फडावरूनही एखादा परिच्छेद येतो, आणि ते लेकरू वर्गाशी जोडलेलं राहतं.

खात्यांचंही बघा. गूगलवर स्वतःचं खातं चालवायला आपल्याकडे 13 वर्षं पूर्ण लागतात. खोटं वय टाकायला लावू नका. पाचवी-सहावीला शिक्षकांच्या खात्यावर वर्गातच लिहू द्या. लेख सगळ्यांसाठी खुला करायचा झाल्यास आधी पालकांची लेखी संमती घ्या, मुलाचं फक्त पहिलं नाव ठेवा, फोटो टाळा. ज्या आजीने आठवण सांगितली तिलाही विचारा. एखादीला घरातल्या गेलेल्या माणसांची नावं त्यात नको असतात.