पेटी वाजवणाऱ्याने ॲकॉर्डियन कसे शिकावे

कोल्हापुरात पेटी येणारा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. गोविंदराव टेंबे यांच्या पेटीचा वारसा सांगणाऱ्या आणि १८८३ पासून गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था नांदत असलेल्या या गावात भजनी मंडळापासून सुगम संगीताच्या कार्यक्रमापर्यंत सर्वत्र साथीला पेटी असतेच. अशा वादकांपैकी अनेकांना वयाच्या पस्तिशी-चाळिशीत ॲकॉर्डियनची ओढ लागते. बहुधा त्यामागे हिंदी चित्रपटसंगीतात गुडी सीरवाई, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांच्या हातून ऐकलेले सूर असतात. हा लेख अशाच प्रौढ वादकासाठी आहे. स्वरज्ञान आणि तालाची जाण त्याच्यापाशी आहे, मात्र हे वाद्य त्याने गळ्यात कधी घातलेले नाही, असे येथे गृहीत धरले आहे.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. उजव्या हाताच्या पट्ट्या ओळखीच्या दिसतात, त्यामुळे निम्मे काम झाले असा समज होतो आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्या समजातूनच उद्भवतात. पेटीत बाहेरच्या भात्याने ओढलेली हवा आतल्या भात्यात साठते आणि स्प्रिंगच्या दाबामुळे सुरांना ती बऱ्यापैकी एकसारखी मिळत राहते, म्हणून भाता मारण्यात क्षणभर खंड पडला तरी सूर तुटत नाही. ॲकॉर्डियनमध्ये हवेचा असा साठा नसतो. डाव्या हाताने जितका दाब दिला तितकाच, त्याच क्षणी, थेट सुरापर्यंत पोहोचतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत बोटांची चपळाई बाजूला ठेवून डाव्या हाताला घडवावे, असा माझा आग्रह आहे.

वाद्य निवडताना

पेटीवादकाने पियानो-ॲकॉर्डियन घ्यावे, कारण त्याच्या उजव्या बाजूला पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात आणि भाता उघडताना व मिटताना एकच सूर मिळतो. बटणांच्या काही प्रकारांत दिशा बदलली की सूरही बदलतो. प्रौढ वयात ती सवय नव्याने लावण्याचे कारण नाही. पूर्ण आकाराच्या वाद्याला ४१ पट्ट्या आणि डाव्या बाजूला १२० बटणे असतात व त्याचे वजन साधारण १० ते १२ किलो भरते. ३४ पट्ट्या आणि ७२ बटणांचे वाद्य सुमारे ७ ते ८ किलोचे असते. पावणेतीन सप्तकांचा पल्ला शिकण्यासाठी आणि साथीसाठीही पुरेसा आहे. पाठीचे, मानेचे दुखणे असणाऱ्याने तर मोठ्या वाद्याचा मोह धरूच नये.

आपल्याकडे पुष्कळदा वापरलेलेच वाद्य हाती येते, त्यामुळे ते पारखता आले पाहिजे. भात्याचे पट्टे सोडावेत, एकही पट्टी किंवा बटण न दाबता वाद्य डाव्या बाजूच्या वजनावर हळूच लोंबू द्यावे. भाता अगदी सावकाश उघडला तर तो धड आहे. भसकन उघडला तर हवा गळते आहे. त्यानंतर प्रत्येक पट्टी भाता उघडताना एकदा आणि मिटताना एकदा, अशी दोनदा ऐकावी. सूर एकच ऐकू आला तरी दोन दिशांसाठी पत्त्या (हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पातळ जिभा) वेगवेगळ्या असतात, म्हणून एका दिशेला गोड लागणारा सूर दुसऱ्या दिशेला खरखरीत किंवा उतरलेला निघू शकतो. शेवटी भात्याजवळ नाक नेऊन वास घ्यावा. बुरशीचा वास येत असेल तर रंगरूप कितीही देखणे असले तरी ते वाद्य सोडून द्यावे.

बैठक आणि पट्टे

मांडी घालून बसण्याची सवय येथे सोडावी लागते. हात नसलेल्या, कडक बैठकीच्या खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर, दोन्ही पावले जमिनीला टेकवून बसावे. भाता डाव्या मांडीवर यावा आणि पट्ट्यांची बाजू उजव्या मांडीच्या आतल्या अंगाला टेकावी, म्हणजे वजनाचा मोठा भाग खांद्यांऐवजी मांडीवर जातो. डाव्या खांद्याचा पट्टा उजव्यापेक्षा थोडा आखूड ठेवला की वाद्य डावीकडे सरकते आणि उजव्या हाताला मोकळीक मिळते. डावा पंजा ज्या पट्ट्याखालून जातो तो भाता ओढताना मनगट निसटणार नाही इतका घट्ट, पण बोटे वरखाली फिरतील इतका सैल असावा. तो सैल-घट्ट करण्याची चकती बहुतेक वाद्यांत वरच्या टोकाला असते.

भाता

डाव्या अंगठ्याजवळ हवेचे बटण असते. ते दाबून ठेवून भाता पूर्ण उघडावा आणि मिटावा. सूर निघणार नाही, फक्त श्वासासारखी हवा आत-बाहेर होईल. पट्टी किंवा हे बटण न दाबता भाता ओढण्याचा प्रयत्न कधीही करू नये, त्याने घड्या आणि सांधे दुखावतात. भाता समांतर न ओढता पंख्यासारखा उघडावा: वरची बाजू अधिक फाकते आणि खालची जवळजवळ मिटलेली राहते. ओढण्याचे काम मनगटाने न करता कोपरापासून वरच्या हाताने करावे.

आता तानपुरा लावावा आणि मध्य सप्तकातला एकच षड्ज धरावा. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत आठ मात्रा भाता उघडत आणि आठ मात्रा मिटत तो सूर चालू ठेवायचा आहे. ऐकायचे ते नेमके नवव्या मात्रेवर, म्हणजे दिशा बदलते त्या जागी. सुरुवातीला तेथे धक्का ऐकू येतो, कारण हात वळवण्याच्या घाईत दाब अचानक वाढतो. वळण्याच्या किंचित आधी जोर सैल करून, वळल्यावर तो पुन्हा हळूहळू भरला की धक्का विरतो. ते साधले की त्याच सोळा मात्रांत सूर बारीक सुरू करून मोठा करावा आणि परत बारीक करावा, मात्र सूर चढता-उतरता कामा नये. गायकाची खर्जाची मेहनत ज्या निष्ठेने होते त्याच निष्ठेने हा रियाज व्हावा, असे मला वाटते, कारण दाबाच्या या चढउतारातूनच ॲकॉर्डियनवर शब्दांचा उच्चार उमटतो. पेटीवर असे क्षेत्र फारच थोडे असते.

पुढचा टप्पा म्हणजे गाण्याच्या ओळीत भाता कोठे वळवायचा हे ठरवणे. गायक जेथे श्वास घेतो तेथेच वळावे. पाठ असलेल्या एखाद्या अभंगाचे शब्द कागदावर लिहून वळण्याच्या जागी उभी रेघ मारावी आणि प्रत्येक वेळी तेथेच वळावे. अक्षराच्या मध्ये वळलेला भाता जाणकार श्रोत्याला लगेच कळतो.

उजवा हात

या भागात पेटीवादकाला फारसे सांगावे लागत नाही. पट्ट्या मात्र आता उभ्या आहेत आणि वाजवताना त्या दिसत नाहीत. वाकून पाहण्याचा मोह टाळून काळ्या पट्ट्यांच्या जोडीचा आणि तिकडीचा स्पर्श ओळखायला शिकावे. शुद्ध स्वरांचे अलंकार आधी पांढरी एकमध्ये (म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून), मग काळी एकमध्ये, आणि स्त्रीगायिकांच्या साथीसाठी काळी चार व काळी पाचमध्ये घोटावेत.

वरच्या खटक्यांनी सुरांचे संच बदलतात. दोन सूर मुद्दाम किंचित वेगळे लावून थरथर आणणारा संच चित्रपटगीतात शोभतो, पण गायकाच्या साथीला त्याचा उपयोग होत नाही, कारण नेमका सूर कोणता हेच त्यात पुसट होते. मधल्या सप्तकाचा एकेरी सूर देणारा खटका त्यासाठी निवडावा. त्यावर बहुधा वर्तुळाच्या मधल्या पट्ट्यात एकच ठिपका असतो.

डावी बाजू

इतकी बटणे पाहून धीर खचतो, परंतु त्यांची रचना आपल्या षड्ज-पंचम भावावरच उभी आहे. भात्याकडून दुसरी रांग मूळ खर्जांची, म्हणजे खालच्या, जाड सुरांची. त्या रांगेत पांढरी एकच्या बटणावर खळगा किंवा खडा असतो. त्याला सा मानले तर त्याच्या लगेच वर, हनुवटीच्या दिशेने, प आहे आणि लगेच खाली म आहे. भात्याला अगदी लागून असलेल्या पहिल्या रांगेत साच्या शेजारी शुद्ध ग मिळतो. बाहेरच्या बाजूला त्याच तिरक्या ओळीत क्रमाने मेजर आणि मायनर कॉर्ड (एकाच बटणाने एकत्र वाजणारे तीन स्वर) येतात, त्यांच्यापुढे इतर कॉर्डची बटणे. ही रचना सर्वत्र एकसारखी असल्याने सा बदलला तरी बोटांची ठेवण बदलत नाही, फक्त हात वरखाली सरकतो.

मधले बोट सा-च्या खर्जावर आणि तर्जनी त्याच्या मेजर कॉर्डवर ठेवावी. केरव्यासाठी खर्ज-कॉर्ड, खर्ज-कॉर्ड असे आणि दादऱ्यासाठी खर्ज-कॉर्ड-कॉर्ड असे वाजवावे. बटण तुटक दाबून लगेच सोडावे, नाहीतर डावी बाजू उजवीला झाकून टाकते. हे अंगवळणी पडेपर्यंत उजव्या हाताने काहीही वाजवू नये.

रागावर आधारलेल्या गाण्यात कॉर्ड जपून वापरावे लागतात. भूप रागात सा-चा मेजर कॉर्ड (सा ग प) आणि ध-चा मायनर कॉर्ड (ध सा ग) निर्धोक आहेत, पण प-चा मेजर कॉर्ड लावला की नि आत शिरतो आणि म-चा लावला की म. दुर्गा रागात तर खुद्द सा-चा कॉर्डच वर्ज्य गंधार घेऊन येतो. तेथे म-चा मेजर (म ध सा) आणि रे-चा मायनर (रे म ध) चालतात. नवे गाणे बसवताना आधी रागाचे स्वर लिहावेत, मग प्रत्येक कॉर्डचे तीन स्वर त्यांच्याशी पडताळावेत. शंका असेल तेथे कॉर्ड सोडून नुसता सा आणि प यांचा खर्ज द्यावा. ते कधीही उणे वाटत नाही.

रियाज आणि साथ

नोकरी-व्यवसाय सांभाळून रोज अर्धा तास काढता आला तरी पुष्कळ आहे. आठवड्यातून एकदा सलग तीन तास बसण्यापेक्षा तो अधिक लाभतो, शिवाय खांद्यांना वजनाची सवय हळूहळू होते. त्यातला सुरुवातीचा एक तृतीयांश हिस्सा भात्याला द्यावा. मुंग्या आल्या किंवा मनगट दुखू लागले की वाद्य उतरवावे.

पेटीबरोबर बसण्यापूर्वी दोन्हींचा षड्ज एकत्र वाजवून पाहावा. लहरी ऐकू आल्या, म्हणजे दोन्हींचे सूर किंचित वेगळे निघाले, तर दोघांनी एकच चाल सोबत वाजवू नये. ॲकॉर्डियनने ओळींमधल्या जागा भराव्यात आणि बाकीचे पेटीकडे सोपवावे.

पावसाळा आणि देखभाल

कोल्हापूरचा पावसाळा या वाद्याला मानवत नाही. पत्त्या पोलादी असल्याने गंजतात आणि भात्याचा पुठ्ठा ओल धरतो. जून ते सप्टेंबर वाद्य पेटाऱ्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, भिंतीपासून दूर ठेवावे; प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. दररोज थोडे वाजवणे हा ओल हटवण्याचा चांगला मार्ग आहे. उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीत ते कधीही ठेवू नये, कारण बहुतेक वाद्यांत पत्त्यांच्या चौकटी मेण आणि राळेच्या मिश्रणाने बसवलेल्या असतात आणि उष्णतेने ते मऊ पडते.

सूर बिघडल्यास घरी उघडून तेल सोडू नये. पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्यायचे असेल तर मेणावर बसवलेल्या पत्त्या त्याने पूर्वी हाताळल्या आहेत का, हे आधी विचारावे. त्याला देण्यासाठी एक चिठ्ठी करावी आणि तीत कोणती पट्टी, कोणता खटका, आणि भाता उघडताना की मिटताना बिघाड जाणवतो, हे स्पष्ट लिहावे. दिशा कळली की दोन पत्त्यांपैकी नेमकी दोषी पत्ती त्याला लगेच सापडते आणि चांगल्या पत्तीला कानस लागत नाही.