गरोदरपणात शवासन कुशीवर करावे
पाचवा महिना उलटल्यावर उताणे पडून शवासन केले, की अनेकींना गरगरते किंवा जीव घाबरा होतो. अशा वेळी शवासन सोडून न देता ते डाव्या कुशीवर करावे. एक उशी डोक्याखाली, दुसरी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ठेवून पोटाखाली जुन्या सुती साडीची घडी सरकवली, की कंबरेवरचा ताण बराच हलका होतो. उठताना झटका न देता, दोन्ही तळहात जमिनीवर टेकवून श्वास सोडत सावकाश बसावे. हीच सवय बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियनचे टाके ओले असताना, फार उपयोगी पडते. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे किंवा कळा जाणवल्यास मात्र आसन तिथेच थांबवून डॉक्टरांना तत्काळ कळवावे.