खिडक्या बदलायच्यात? फटीपासून सुरुवात करा

बाहेरचा गोंगाट कमी करायचा ठरलं की सगळे आधी काचेमागे लागतात. मीही लागलो होतो. काचेची जाडी, काचेचे थर, नमुन्यावर टिचकी मारून बघणं, सगळं केलं. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट कशाने भरणार, एवढंच विचारायचं राहिलं, आणि गाड्यांची घरघर त्या फटीतून पूर्वीसारखीच आत येत राहिली. म्हणून ही यादी. त्यात ती फट पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

पहिलं काम म्हणजे आवाज ओळखणं. हॉर्न, पोरांचा कलकलाट, कुत्र्यांचं भुंकणं हे वरच्या पट्टीतले आवाज, ते अडवणं त्यातल्या त्यात सोपं. ट्रकचं इंजिन, जनरेटर, लाउडस्पीकरचा धडधडाट हे खालच्या पट्टीतले. त्यांना अडवायला काचेचं वजन लागतं आणि दोन काचांमध्ये अंतर लागतं. आपला त्रास कुठला हे न ठरवता दुकानात गेलात तर विकणारा त्याच्याकडे जे आहे तेच गळ्यात मारेल. फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप काटेकोर नसतं, पण तोच फोन, तीच जागा, तीच वेळ ठेवली तर आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघायला पुरतं. आधीचे आकडे आजच लिहून ठेवा. जुनी खिडकी निघाली की ते मिळायचे नाहीत.

मग आवाज खिडकीतूनच येतोय ना, ते बघा. सोपी युक्ती आहे: एका रात्रीसाठी जुन्या खिडकीचे सगळे सांधे रुंद चिकटपट्टीने बंद करा. पल्ला आणि चौकट यांच्यातले, दोन पल्ल्यांमधले, आणि चौकट भिंतीला टेकते तिथलेही. आवाज चांगलाच उतरला तर दोष फटींचा आहे. कदाचित नवीन खिडकी लागणारच नाही, रबर बदलून आणि सीलंट (फट बुजवायची, वाळून घट्ट बसणारी पेस्ट) भरून भागेल. काहीच फरक पडला नाही तर काच, भिंत, छप्पर किंवा दुसरं एखादं भोक. एसीच्या नळीचं भोक, एक्झॉस्ट फॅनची जागा, दाराखालची फट. ही उघडी ठेवून खिडकीवर पैसे घालू नका.

अपेक्षाही आत्ताच ठरवा. 3 डेसिबलने आवाज उतरला तर कानाला जेमतेम कळतं. 10 डेसिबलने उतरला की साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. पूर्ण शांतता कोणी कबूल करत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता ती फट. सव्वा मीटर रुंद, दीड मीटर उंच अशी खिडकी धरा. तिच्या चारी बाजूंनी फक्त 3 मिलिमीटर फट राहिली तर ती खिडकीच्या क्षेत्रफळाच्या जवळपास 1 टक्का भरते. एवढ्या उघड्या जागेतून इतका आवाज आत येतो की काच 40 डेसिबल अडवणारी असली तरी हाती लागतात 20 च्या आसपास. काचेवरचा सगळा जादा खर्च तीन मिलिमीटरमध्ये गेला. म्हणून दरपत्रक मागताना पहिला प्रश्न हा: चौकटीभोवती काय भरणार, किती खोल भरणार, आणि ते लिहून देणार का? ‘फोम मारतो ना साहेब’ हे उत्तर नाही. फोम हलका असतो, मध्ये पोकळ्या राहतात. तो भरणीचं काम करतो, सीलचं नाही. फोम भरून झाला की आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून, लवचीक सीलंटची सलग रेघ हवी. फट रुंद असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबायची, तिच्यावर सीलंट. युपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, चौकट उन्हात फुगते, तिच्याभोवती थोडी जागा सोडावीच लागते, त्यामुळे तिथे घट्ट सिमेंट ठासून चालत नाही. आणि खालची बाजू! चौकटीच्या खाली, खिडकीच्या उंबऱ्याच्या वर, नेहमी पोकळ राहतं, कारण तिथे हात पोचत नाही आणि कोणी वाकून बघत नाही. तुम्ही बघा.

उघडण्याचा प्रकार. सरकती खिडकी जागा वाचवते, पण पल्ले सरकायला हवेत म्हणून कडेला केसाळ ब्रशची पट्टी असते, आणि ब्रशमधून हवा जाते. हवा जाते तिथून आवाजही जातो. बिजागरीची, कडी फिरवल्यावर पल्ला रबरावर दाबून बसणारी खिडकी आवाजासाठी सरस. कडी एकाच जागी नको, वर-खाली दोन-तीन ठिकाणी पकडणारी हवी. नाहीतर कोपऱ्यात पल्ला सैल राहतो. जागेअभावी सरकतीच घ्यावी लागणार असेल तर पल्ला शेवटी उचलून रबरावर बसवणारे प्रकार मिळतात, ते विचारा.

काच. इथे गैरसमज फार. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच मजबूत असते, आवाजासाठी तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा काडीचाही फायदा नाही. दोन काचांमध्ये आर्गॉन वायू भरला तर उष्णतेला मदत होते, आवाजाला जवळजवळ नाही. आणि दोन्हीकडे 4 मिलिमीटर काच, मध्ये 12 मिलिमीटर हवा ही सर्रास विकली जाणारी दुहेरी काच 200 ते 250 हर्ट्‌झच्या आसपास स्वतःच थरथरते. नेमका तिथे रहदारीचा आवाज असतो. त्या घरघरीसाठी ती चांगल्या जाड एकेरी काचेपेक्षा फारशी उजवी ठरत नाही. दुहेरी घ्यायचीच तर दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्या आणि त्यातली एक लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचा मधल्या मऊ थराने चिकटवलेली. लॅमिनेटेडमधला मऊ थर काचेची थरथर मारतो. आवाजासाठी खास बनवलेला थर वेगळा मिळतो, तो नाव घेऊन मागा.

सगळ्यात गुणकारी उपाय मात्र दिसायला साधा आहे: बाहेरची खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी खिडकी, मध्ये 100 मिलिमीटर किंवा जास्त अंतर. भिंतीची जाडी तेवढी असेल तर दुसरा विचार करू नका. मधल्या पोकळीच्या कडांना आवाज शोषणारं अस्तर लावलं तर आणखी चांगलं. पण या दुसऱ्या चौकटीलाही भिंतीशी फट असते. म्हणजे आता दोन फटी. दोन्ही भरा.

वजन विसरू नका. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. वरच्याच खिडकीत 6 मिलिमीटरची एक आणि साधारण 8 ची लॅमिनेटेड अशा दोन काचा घातल्या तर निव्वळ काच साठ किलोच्या वर जाते. बिजागऱ्या त्या हिशोबाने हव्यात, नाहीतर पल्ला लोंबतो, खालचा कोपरा घासतो, वरच्या कोपऱ्यात रबर सुटतं, आणि परत तेच, फट.

कागदपत्रं. ‘इतके डेसिबल’ हा आकडा फक्त काचेचा आहे की चौकटीसकट पूर्ण खिडकीचा, विचारा. आरडब्ल्यू (Rw, एकूण किती डेसिबल अडतात तो आकडा) याच्यासोबत सीटीआर (Ctr) नावाची रहदारीच्या आवाजासाठीची दुरुस्ती दिलेली असते, बहुतेक वेळा उणे. रहदारीसाठी ती धरूनचा आकडा खरा. तो सांगायला विक्रेता का-कू करत असेल तर समजून जा.

उष्णता. यू-व्हॅल्यू म्हणजे काचेतून किती उष्णता आरपार जाते त्याचा आकडा. एकेरी काचेची 5.7 च्या आसपास, साध्या दुहेरीची 2.8, लो-ई (उष्णता परतवणारा पातळ) लेप आणि आर्गॉन असला तर आणखी निम्म्याच्या जवळ. आकडा जितका लहान तितकी उष्णता कमी सुटते. ऊन थेट येत असेल तर सोलर हीट गेनचा, म्हणजे उन्हाची किती उष्णता आत येते त्याचा, आकडाही लहान हवा. अॅल्युमिनियमच्या चौकटीत उष्णता रोखणारी मधली पट्टी आहे का बघा, नसेल तर थंडीत आतून पाणी धरतं. उष्णतेसाठी 12 ते 16 मिलिमीटरचं अंतर पुरतं आणि आवाजासाठी मोठं लागतं, तेव्हा दोन्ही हवं तर दोन खिडक्या आणि त्यातली एक दुहेरी काचेची.

हवा. खिडकी खरोखर घट्ट झाली की खोली कोंदट होते, भिंतींना ओल धरते. वळणाचा, आतून अस्तर असलेला हवामार्ग वेगळा मिळतो, त्याचा विचार आधीच करा. घरात ज्योतीवर चालणारा हीटर किंवा गीझर असेल तर हवेचा मार्ग अजिबात बंद करू नका. हवा कमी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, आणि त्याला वास नसतो. झोपायच्या खोलीची एक खिडकी संकटात बाहेर पडण्याइतकी उघडली पाहिजे.

मापं: तीन ठिकाणी रुंदी, तीन ठिकाणी उंची, दोन्ही कर्ण. खिडकीसाठी भिंतीत सोडलेलं भोक तिरकं निघतंच. इमारतीची परवानगी, जाळी, पडदे, तुमचं तुम्ही बघा.

बसवण्याच्या दिवशी घरी थांबा. सुट्टी घ्या. चौकटीवरची शोभेची पट्टी तुम्ही बघितल्याशिवाय लावू द्यायची नाही, कारण ती लागली की आत काय आहे हे कोणालाच कळत नाही. फोम सगळीकडे भरलाय, सीलंट सलग आहे, खालची बाजू पोकळ नाही, हे बघा, फोटो काढा, मग पट्टी. चौकटीच्या खालच्या भागात पाणी जायला ठेवलेली भोकं तेवढी बुजवू देऊ नका.

नंतर कागदाची पट्टी पल्ल्यात धरून खिडकी बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दाबत नाही. चारी बाजूंनी करा. अंधारात एकाने बाहेरून टॉर्च फिरवायचा, दुसऱ्याने आतून बघायचं. शेवटचा हप्ता यानंतर.

पुढे रबराला रंग लागू देऊ नका, धूळ पुसत जा. कडक ऊन आणि जोराचा पाऊस एकेकदा होऊन गेला की सीलंटला तडा गेलाय का बघा, आणि गेला असेल तर वरून लिंपू नका, जुनं खरवडून काढून नवं भरा.