घेणाऱ्यांची रांग नको: प्राथमिक शाळेत दानधर्म कसा करावा

वसईच्या किनारपट्टीवरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवलं. शाळा धर्मग्रामाची, म्हणजे स्थानिक चर्चच्या पॅरिशची, पण वर्ग सगळ्यांचा. वाडीतली मुलं, कोळीवाड्यातली मुलं, बांधकामावर राबणाऱ्यांची, रिक्षा चालवणाऱ्यांची आणि दिवाळीनंतर पूर्वेकडच्या वीटभट्ट्यांवर येणाऱ्या आदिवासी कुटुंबांची. आता निवृत्त झाले तरी आसपासच्या शाळांतल्या तरुण शिक्षिका विचारायला येतात, "टीचर, शाळेत दानधर्माचा काही उपक्रम घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?" त्यांना जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

दोन नियम आधी सांगते. देणाऱ्यांमध्ये वर्गातलं प्रत्येक मूल असलं पाहिजे, ज्याच्या घरी काहीच नाही तेसुद्धा. आणि घेणाऱ्यांची रांग कधीही लागता कामा नये. हे दोन्ही पाळून जे जमेल ते करा. त्यातला एकही मोडावा लागत असेल, तर तो उपक्रम कितीही चांगला दिसला तरी सोडून द्या.

दोन्ही नियम शुभवर्तमानातले, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातलेच आहेत. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) मत्तयच्या सहाव्या अध्यायातला उतारा वाचला जातो: तू दान देतोस तेव्हा उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नकोस. आणि लूकच्या २१व्या अध्यायात ती विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकते. "बाई, तुझं राहू दे, तुलाच लागतील" असं येशू तिला म्हणत नाही. तिचं दान तो सगळ्यांच्या वरचं ठरवतो. आपण मात्र शाळेत गरीब मुलाला हटकून घेणाऱ्याच्याच जागी उभं करतो. वर्षभर जो फक्त घेतच राहतो, त्या मुलाच्या मनात काय साठत असेल याचा विचार करा.

आधी नुसतं पाहा

शाळा सुरू झाल्यावर पहिले १५ दिवस काहीही गोळा करू नका. "कोणाकडे छत्री नाही, हात वर करा" हे वाक्य तर वर्गात कधीच उच्चारू नका. विचारण्याची गरजच पडत नाही, दिसतं. पावसाळ्यात एखाद्या मुलाचा गणवेश सकाळी सकाळीच ओलसर असतो, म्हणजे त्याच्याकडे एकच जोड आहे आणि तो रात्रीत वाळलेला नाही. एखादी मुलगी दर आठवड्याला नेमकी पीटीच्या वारी गैरहजर असते, कारण पीटीचा पांढरा पोशाख घेतलेला नाही. एखादा फळ्याकडे न बघता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो. त्याला आळशी म्हणण्याआधी डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीला येतं, तेव्हा अशा मुलांची नावं आधीच काढून ठेवा. पहिलीतल्या मुलाला मिळालेला चष्मा हे माझ्या मते शाळेत करता येणारं सर्वांत मोठं दान आहे, आणि त्याची आठवण फार कमी जणांना होते.

आणखी एक गोष्ट पाहा. कोणती मुलं स्वतःच्या वाढदिवसाला शाळेत येत नाहीत? रंगीत कपडे घालून वर्गभर चॉकलेटं वाटायची पद्धत बहुतेक शाळांत आहे. ज्याला ते परवडत नाही तो त्या दिवशी "पोटात दुखतंय" म्हणून घरी राहतो. यावर पैसे गोळा करू नका, पद्धत बदला. वाढदिवसालाही गणवेशच घालायचा, चॉकलेटं नाहीत, सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं आणि वाढदिवसाच्या मुलाने त्या दिवशी वर्गाला गोष्ट वाचून दाखवायची. एक रुपयाही न लागता वर्गातली मोठी टोचणी निघून जाते. पावसात काळ्या बुटांचा आग्रहही असाच. गणपती होईपर्यंत रबरी सँडल चालतील, एवढी एक सूचना मुख्याध्यापिकांकडून काढून घ्या. शाळेचे नियम असे सैल करणं हाही दानधर्मच आहे.

उपवासकाळात साठवा, जूनमध्ये द्या

आपल्याकडे बहुतेक उपक्रम नाताळात होतात, कारण तेव्हा सगळ्यांचं मन मोकळं असतं. गरज मात्र जूनमध्ये असते. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ म्हणून ती बंदी हवीच. पण ते ६१ दिवस खलाशाला मजुरी नाही, मासळी निवडणाऱ्या आणि विकणाऱ्या बाईला काम नाही. आणि नेमकी १५ जूनच्या सुमारास शाळा उघडते: वह्या, दप्तर, रेनकोट, गणवेश, सगळं एकदम. वसईतल्या पाचूबंदरसारख्या कोळी वस्तीत जूनचा खर्च किती जड जातो हे तिथल्या कुठल्याही आईला विचारा. म्हणून आपलं वर्ष उलटं आखायचं. उपवासकाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. तेव्हा जमवायचं आणि जूनसाठी राखून ठेवायचं.

उपवासकाळात दर शुक्रवारी मुलांनी घरून एक मूठ तांदूळ आणायचे. मोठ्या माणसाची नाही, मुलाची स्वतःची मूठ. दुसरीतल्या मुलांच्या मुठी सगळ्यांच्या सारख्याच असतात, डॉक्टरच्या मुलाची आणि भट्टीवरच्या मुलाची. कोणी किती आणलं हा प्रश्नच राहत नाही. दोन डबे ठेवा, एक उकड्या तांदळाचा आणि एक साध्याचा, कारण एकत्र झाले तर शिजताना एक कच्चा राहतो आणि दुसरा गळतो. डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका. ज्याने आणले नाहीत त्याला विचारू नका, त्याच्या हातात डब्याचं झाकण उघडायचं काम द्या.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा. उपवास म्हणून मुलांना जेवणाचा डबा सोडायला सांगू नका. चर्चच्या कायद्यानुसार मांस वर्ज्य करण्याचं बंधन १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं आणि उपवासाचं १८ वर्षं पूर्ण झाल्यावर. सात-आठ वर्षांच्या मुलाला उपाशी बसवणं ही श्रद्धा नव्हे. त्याला गोळ्या-पेप्सीचे पैसे सोडायला सांगा, टीव्हीचा अर्धा तास सोडायला सांगा. घरी जे एरवीच अर्धपोटी राहतात त्यांच्यासमोर उपवासाचं कौतुक करताना तर फार जपून बोला.

जमलेले तांदूळ शाळेने स्वतः वाटू नयेत. धर्मग्रामात संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असेल तर तिच्याकडे द्या. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केली, तेव्हा ओझानाम अवघ्या २० वर्षांचा विद्यार्थी होता. घरी जाऊन, बसून, बोलून मदत करायची ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. कोणत्या घरात आजारपण आहे, कोणाच्या घरचा पुरुष बोटीवरून परतला नाही, हे त्यांना शाळेपेक्षा जास्त ठाऊक असतं. मुलांना एवढंच सांगा की तांदूळ पोहोचले. कोणाकडे, हे सांगू नका. वर्गातल्याच एखाद्या घरी गेलेले असू शकतात.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली की दोन गोष्टी गोळा करा. पहिली, वह्यांतली कोरी पानं. प्रत्येक वहीत शेवटी काही पानं उरतातच. ती मुलांकडूनच काढून घ्या, आकाराप्रमाणे लावा आणि बाइंडरकडून शिवून आणा. कच्च्या कामाच्या या वह्या जूनमध्ये वर्गातल्या सगळ्यांना एकेक द्या, सगळ्यांना. दुसरी गोष्ट गणवेश आणि रेनकोट. कोकणातला पाऊस छत्रीला जुमानत नाही, लहान मुलाला रेनकोटच लागतो, आणि तो दोन वर्षांत आखूड होतो. धुऊन, बटणं लावून, आतलं नाव काढून आणायला सांगा. मापाप्रमाणे, २२, २४, २६ असे गठ्ठे करून पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवा. रेनकोटला आतून-बाहेरून पावडर लावा, नाहीतर जूनमध्ये उघडाल तेव्हा घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतील.

आता द्यायचं कसं? इथेच बहुतेकांचा उपक्रम बिघडतो. जूनच्या पहिल्या पालकसभेच्या दिवशी व्हरांड्यात एक टेबल मांडा आणि त्यावर पाटी लावा: अदलाबदल. आखूड झालेलं ठेवा, मापाचं न्या. ज्याच्याकडे ठेवायला काही नाही त्यानेही न्यायचं, कोणी हिशेब धरत नाही. सर्वांत आधी शिक्षिकांनी आपल्या मुलांसाठी तिथून घ्यावं आणि पालक-शिक्षक संघाच्या सभासदांनी त्यांच्यामागून. चांगल्या घरची आई हसत हसत २४ मापाचा रेनकोट उचलते, तेव्हा शेजारच्या बाईचा हात आपोआप पुढे होतो. घेणं सगळ्यांचंच झालं की रांग उरत नाही. जी आई सभेला येऊच शकत नाही, तिच्यासाठी तुमच्या डायरीतली नोंद आहेच. शाळा सुटताना दप्तरात घडी घालून ठेवा आणि आईला एक फोन करा.

फाटलेली दप्तरं, तुटकी खेळणी, चेन गेलेले रेनकोट घेऊ नका. स्वतःच्या मुलाला घालाल का, एवढाच प्रश्न देणाऱ्याला विचारा. नाही म्हणायला संकोचू नका. मत्तयच्या २५व्या अध्यायाप्रमाणे ते कापड ख्रिस्ताच्या अंगावर जाणार आहे.

वर्षभराचं कपाट

प्रत्येक वर्गात एक उघडं शेल्फ ठेवा: पेन्सिली, खोडरबर, पट्ट्या, दोन-चार वह्या, कंपासपेटी. लागेल त्याने घ्यावं, असेल त्याने ठेवावं, विचारायचं नाही. सुरुवातीला आठवड्यात शेल्फ रिकामं होईल आणि तुम्हाला वाटेल की मुलं लुबाडतात. थांबा, पुन्हा भरा. हवं तेव्हा मिळतं असा भरवसा बसला की साठवणूक थांबते. पेन्सिलींना टोक करून ठेवायचं काम आलटून पालटून सगळ्यांना द्या. घरून काही आणू न शकणारं मूलही त्यामुळे देणाऱ्यांमध्ये येतं.

लहान मुलांनीच लहान मुलांना मदत करावी ही कल्पना चर्चमध्ये जुनी आहे. १८४३ साली फ्रान्समधल्या नान्सीचे बिशप फोर्बिन-जान्सन यांनी पवित्र बालकत्व संस्था सुरू केली. दूरदेशीच्या मुलांसाठी रोज एक प्रार्थना आणि महिन्याला एक नाणं, एवढीच तिची अट होती. एवढंसंच, पण प्रत्येकाने. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, मी मुलांना संत निकोलसची गोष्ट सांगत असे: मायराचा बिशप, रात्री गुपचूप एका गरिबाच्या घरात मुलींच्या लग्नासाठी सोनं टाकून जाणारा. मग चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला एक गुप्त मित्र. विकत घेतलेलं काहीही चालणार नाही. त्याची बाटली भरून ठेवायची, त्याचं दप्तर उचलायचं, खेळात त्याला आधी घ्यायचं, आणि नाव सांगायचं नाही. मुलांना ते गुपित पोटात ठेवताना जो आनंद होतो, तो वर्गात बसूनच पाहावा.

पोषण आहाराच्या वेळी शिक्षिकेने मुलांबरोबर बसून तीच खिचडी खावी. चव तर घ्यावी लागतेच, पुढे ताट भरून घ्या. खिचडी खाणारे आणि घरचा डबा खाणारे अशा दोन पंगती पडत असतील, तर त्या मोडायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

वीटभट्टीवरची मुलं वर्षाच्या मध्येच येतात, बहुधा कागदपत्रांशिवाय. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १४ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कार्यालयात ते शांतपणे पण ठामपणे सांगा. मग धर्मग्रामातल्या निवृत्त मंडळींना गाठा, आठवड्यातून दोन दुपारी या मुलांना वाचायला शिकवा म्हणावं. चर्च जी दयेची आध्यात्मिक कृत्यं सांगतं, त्यांत शिकवणं आहेच, आणि आपल्याकडे निवृत्त शिक्षकांना तोटा नाही.

धर्म, पैसे आणि फोटो

मदत घेणाऱ्याचा धर्म विचारू नका आणि मदतीबरोबर धर्म देऊ नका. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २५ डिसेंबर २००५ च्या 'देऊस कारितास एस्त' ('देव प्रीती आहे') या पत्रात हे स्पष्ट लिहिलं आहे की प्रीती निरपेक्ष असते, ती दुसरं काही साधण्यासाठी वापरायची नसते. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणेही अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सामील करता येत नाही. म्हणून शुभवर्तमानाचं वाचन धर्मशिक्षणाच्या वर्गात, आणि मूठ, शेल्फ, अदलाबदल सगळ्यांसाठी. हिंदू किंवा मुसलमान पालकांना उपवासकाळ समजावून सांगा. त्यांच्या घरीही उपास आणि रोजे आहेत, त्यांना ते पटकन कळतं.

पैसे शक्यतो मुलांकडून घेऊच नका. घ्यायचेच झाले तर बंद डबा ठेवा, किमान रक्कम सांगू नका, आणि "सर्वांत जास्त जमवणारा वर्ग" असं बक्षीस तर अजिबात नको. डबा एका शिक्षिकेने आणि एका पालकाने मिळून उघडावा, पावती फाडावी, वहीत लिहावं. फलकावर एकूण रक्कम आणि काय घेतलं एवढंच लावा. कोणाला दिलं हे वर्गशिक्षिकेच्या डायरीबाहेर जाऊ नये.

फोटोबद्दल देणगीदार आग्रह धरतील. रेनकोट हातात घेतलेल्या मुलाचा फोटो देऊ नका, मग देणगी गेली तरी चालेल. तो फोटो कोळीवाड्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरतो आणि मूल पुढे चार वर्षं त्याच शाळेत असतं. ट्रंकेचा, शेल्फचा, शिवलेल्या वह्यांचा फोटो द्या, मुलांनी काढलेलं चित्र द्या. बहुतेक देणगीदारांना तेवढं पुरतं.

शिक्षिका बदलते, निवृत्त होते, आणि उपक्रम तिच्याबरोबर संपतो. म्हणून पहिल्याच वर्षी दुसरी एक शिक्षिका आणि एक पालक सोबत घ्या. ट्रंकेची एक किल्ली, बाइंडरचा नंबर आणि मापांची वही मे महिन्याच्या सुट्टीआधी त्यांच्याकडे द्या.