शिक्षककपातीचं कलम कसं वाचावं: अमेरिकेतली युनियन, ज्येष्ठता आणि वंश

अमेरिकेत सरकारी शाळेत नोकरी धरली असेल, तर युनियनचा करार मागून घ्या आणि पगाराच्या तक्त्याआधी कपातीचं कलम उघडा. त्यात दोन शब्द येतात, त्यांची गल्लत करू नका. ‘एक्सेस’ (excess) म्हणजे त्या शाळेपुरते अतिरिक्त. दुसऱ्या शाळेत जागा मिळू शकते. ‘लेऑफ’ म्हणजे डिस्ट्रिक्टमधूनच, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेतूनच बाहेर. अनेक ठिकाणी क्रम ज्येष्ठतेचा, म्हणजे शेवटी आलेला आधी जातो. जिथे वांशिक अल्पसंख्याक शिक्षकांची भरतीच उशिरा झाली, तिथे यादीच्या तळाशी तेच सापडतात.

मग अपवाद शोधा. तो टक्केवारीचा असेल तर हिशेब कागदावर मांडा. मिशिगनमधल्या जॅक्सनच्या १९७२ च्या करारात अट होती: कपातीत अल्पसंख्याकांचं प्रमाण नोकरीतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त नको. समजा, ४०० शिक्षकांत ६० अल्पसंख्याक, म्हणजे १५ टक्के. आणि ४० जणांना काढायचंय. नुसत्या ज्येष्ठतेने अल्पसंख्याकांतले १४ जात असतील, तर या कलमाने ६ च जातील. उरलेल्या ८ जागी यादीत वर असलेले ८ गोरे शिक्षक घरी बसतील. ती ८ नावं लिहून काढा, कारण कोर्टात तीच माणसं जातात. जॅक्सनमध्ये कलम युनियनने वाटाघाटीत मान्य केलं होतं, तरी त्याच करारात बांधलेल्या शिक्षकांनी दावा लावला. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते कलम फेटाळलं. न्यायमूर्ती पॉवेल यांच्या मते भरतीतल्या प्राधान्याचा भार अनेकांत वाटला जातो, कपातीचा मोजक्या माणसांवर कोसळतो. मुलांपुढे आपल्यातले आदर्श हवेत, हे कारणही त्यांना पुरेसं वाटलं नाही.

म्हणून पुढचा प्रश्न जुन्या भेदभावाच्या पुराव्याचा. मिनियापोलिसच्या युनियनने २०२२ च्या संपानंतर मिळवलेल्या करारात, शाळेत कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटातला शिक्षक वगळून पुढच्या सर्वांत कनिष्ठाला अतिरिक्त ठरवायची तरतूद आहे. डिस्ट्रिक्टच्या जुन्या भेदभावाचे परिणाम पुसणं, हा हेतूही तिथे लिहिलाय. नुसतं वाक्य पुरत नाही. त्यामागे त्याच डिस्ट्रिक्टची कागदपत्रं लागतात.

तुम्ही वाटाघाटीच्या समितीत असाल, तर अपवाद माणसाच्या वंशाला न जोडता कामाला जोडा: द्वैभाषिक वर्ग, विशेष शिक्षणाचा परवाना. कॅलिफोर्नियाचा कायदा खास प्रशिक्षण आणि अनुभवासाठी ज्येष्ठता मोडू देतो. आमच्या मते टिकाऊ रस्ता हाच. तिथे कपातीची पहिली नोटीस १५ मार्चच्या आत येते, तेव्हा अपवादाची मांडणी हिवाळ्यातच उरका.

ज्येष्ठता यादी आली की स्वतःची तारीख तपासा. पगारी कामाचा पहिला दिवस धरलाय की करारावर सहीचा? लांब रजेचं काय केलंय? दोघांच्या तारखा एकच निघाल्या तर कोडं कसं सोडवणार? न्यू जर्सीतल्या पिस्काटवेमध्ये १९८९ साली एकाच दिवशी लागलेल्या दोघींपैकी गोऱ्या शिक्षिकेला वंशाच्या निकषावर काढलं. १९९६ मध्ये अपील कोर्टाने डिस्ट्रिक्टला चूक ठरवलं आणि पुढच्या वर्षी प्रकरण ४ लाख ३३ हजार ५०० डॉलरना मिटलं. त्याआधी तिथे अशी बरोबरी चिठ्ठी टाकून सुटत असे.

आक्षेप असेल तर युनियन प्रतिनिधीला लेखी द्या, पोच घ्या. युनियनला सगळ्याच सदस्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडावी लागते, त्यामुळे ती हात आखडता घेऊ शकते. तिच्या उत्तराची वाट बघत भेदभावाबद्दल केंद्र सरकारकडे करायच्या तक्रारीची मुदत घालवू नका: राज्यानुसार १८० किंवा ३०० दिवस. काढलेल्यांना परत कामावर बोलावण्याचा क्रमही प्रतिनिधीला त्याच वेळी विचारा. काढताना लावलेला अपवाद तिथे पुन्हा लागू होतो का, हे बऱ्याच जणांना नंतर कळतं.