सोलापूरहून मालवणला : बोटीतून पहिली स्कूबा बुडी कशी घ्यावी

सोलापूर जिल्ह्यात पोहायला शिकलेल्या माणसाचा पहिला गुरू बहुधा विहीर असते. पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून पाण्यात ढकलले जाणे, काही दिवसांनी तो सोडून मोकळे पोहणे आणि शेवटी श्वास रोखून, तळ गाठून मूठभर गाळ वर आणून दाखवणे, असा तो अभ्यासक्रम असतो. मालवणच्या समुद्रात पहिल्यांदा स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घेत केलेली बुडी, करू इच्छिणाऱ्याने यातील शेवटचा धडा विसरण्याची तयारी ठेवावी, कारण स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे : पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दुसरी बाब कानांची : खाली जाताना पाण्याच्या वाढत्या दाबाने त्यांत दडे बसतात आणि ते वरचेवर मोकळे करावे लागतात. पहिल्या बुडीत अडचण येते ती बहुतेक वेळा या दोन ठिकाणीच, आणि दोन्हींची बरीचशी तयारी समुद्र दिसण्यापूर्वीच करता येते.

पोहता येत नसले तरी प्रशिक्षकाच्या हाताखाली होणारी ही प्राथमिक बुडी घेता येते. ती साधारण सहा ते नऊ मीटर खोलीची असते आणि प्रशिक्षक संपूर्ण वेळ सोबत असतो. तरीही पाण्यात चेहरा बुडवण्याची भीती मोडलेली असणे फार उपयोगाचे ठरते.

केव्हा जावे, कसे पोहोचावे

मालवण, तारकर्ली आणि देवबाग हा किनारा सोलापूरहून सुमारे पावणेचारशे ते चारशे किलोमीटरवर आहे. सांगोला आणि मिरजमार्गे कोल्हापूर गाठून पुढे गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एका घाटाने उतरावे लागते. घाटरस्त्यांवर दुरुस्तीची कामे वरचेवर निघत असल्याने कोणता घाट वाहतुकीस खुला आहे, याची चौकशी निघण्याच्या आदल्या दिवशी करावी. हे अंतर एका दमात कापून त्याच दिवशी पाण्यात उतरण्याचा बेत करू नये. रात्रभर गाडी चालवून थकलेले, झोप न झालेले शरीर बोटीवर लवकर मळमळते आणि पाण्याखाली लवकर घाबरते.

पावसाळ्यात, साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, येथील जलक्रीडा बंद असतात. हंगाम ऑक्टोबरपासून सुरू होत असला तरी पाणी नितळ मिळण्याची शक्यता डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात अधिक असते. या काळातही तारीख निवडताना दिनदर्शिका पाहावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, पाण्याची ओढ वाढते आणि तळाची वाळू ढवळली जाते. अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या भरतीत पाणी तुलनेने शांत राहते. सुट्ट्या आणि तिथी यांचा मेळ बसत असेल तर तो अवश्य साधावा. अर्थात, मालवणच्या पाण्याची तुलना अंदमानच्या पाण्याशी करू नये. चार-सहा मीटरपर्यंत स्पष्ट दिसले तर येथे दिवस चांगला गेला असे समजावे.

निघण्यापूर्वी सोलापुरात

दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाच्या पडद्याला छिद्र, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाऊ नये. गरोदर स्त्रियांनी ही बुडी घेऊ नये. मुलांसाठी दहा वर्षे ही किमान वयोमर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते. बोटीवर चढण्यापूर्वी आरोग्याविषयीचा जो अर्ज भरून घेतला जातो, त्यात ‘सगळे ठीक आहे’ असे सरसकट लिहून मोकळे होण्याची आपली सवय येथे जिवावर बेतू शकते.

सर्दी झालेली असल्यास बेत पुढे ढकलावा. नाक चोंदलेले असताना कान मोकळे होत नाहीत. गोळी घेऊन नाक तात्पुरते मोकळे केले आणि पाण्याखाली असताना तिचा परिणाम ओसरला, तर वर येताना कानात किंवा नाकाजवळील पोकळ्यांत हवा कोंडून तीव्र वेदना होतात.

सराव मात्र सोपा आहे. साधी स्नॉर्केलची नळी विकत घ्यावी आणि जलतरण तलावाच्या उथळ भागात उभे राहून, नाक उघडे ठेवून, चेहरा पाण्यात बुडवून केवळ तोंडाने सावकाश श्वास घ्यावा. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात घरच्या पिंपात हा प्रयोग करणे परवडत नाही, म्हणून तलावच बरा. पहिल्या मिनिटात नाकात पाणी गेल्याचा भास होतो आणि मान आपोआप वर उचलली जाते. दोन-तीन दिवसांत ही प्रतिक्रिया निवळते. पाण्याखाली मास्कमुळे नाक झाकलेलेच असते, परंतु मास्कमध्ये थोडे पाणी शिरले तरी न घाबरता तोंडाने श्वास घेत राहण्याची सवय येथेच लागते.

कानांचा पहिला धडा घाट देतो. घाट उतरताना कानांत दडे बसतात आणि आवंढा गिळला की ते सुटतात. पाण्यात घडते ते तत्त्वतः हेच, फक्त फार वेगाने. सहाशे मीटरचा घाट उतरल्यावर हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढाच दाब समुद्रात सुमारे पाऊण मीटर खाली गेल्यावर वाढतो. म्हणजे जो बदल गाडीत अर्ध्या तासात होतो, तो पाण्यात काही सेकंदांत होतो. त्यामुळे घाटात बसल्याबसल्या नाकपुड्या चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकात हवा ढकलण्याचा सराव करावा. कानांत बारीक ‘टक्’ असा आवाज आला की जमले. जोर लावू नये. नाक शिंकरतानाचा जोर येथे कामाचा नाही.

बोट आणि प्रशिक्षक ठरवताना

किनाऱ्यावर गाडी थांबताच दर सांगणारी माणसे भेटतात आणि सोलापूरकराचा हात घासाघीस करण्याकडे वळतो. दराआधी पुढील गोष्टी विचाराव्यात. एका प्रशिक्षकाकडे पाण्याखाली एका वेळी किती जण असतील? उत्तर ‘एकच’ असेल तरच पुढे बोलावे. प्रशिक्षकाकडे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र आहे का, बोटीची नोंदणी आहे का, बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजनची सोय आहे का आणि प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटे मिळतील? ‘दोन तासांची सहल’ असे सांगितले जाते तेव्हा बहुतेक वेळ बोटीत, तयारीत आणि पाळी येण्याची वाट पाहण्यात जातो. पाण्याखालचा वेळ बहुधा दहा ते पंधरा मिनिटांचा असतो. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. ज्यांना केवळ अनुभव नको, रीतसर शिकायचे आहे, त्यांनी तेथे चौकशी करावी.

बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर आणि बंद बांधलेले असावे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखालच्या धोक्यांची सर्वांना धास्ती असते. परतीच्या बोटीवर मात्र सगळे निर्धास्त होतात. क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरलेली दिसल्यास पैसे दिलेले असले तरी चढू नये.

बुडीची सकाळ

प्रवासासाठी बांधून आणलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आदल्या दिवशी संपवावी. बुडीच्या सकाळी तेलकट आणि तिखट काही खाऊ नये, परंतु उपाशीही जाऊ नये. इडली, केळे किंवा पोहे असा हलका नाश्ता निघण्यापूर्वी तासभर आधी करावा. आदल्या रात्री मद्य घेऊ नये. ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागण्याची शक्यता असते. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी बोटीत बसण्यापूर्वीच घ्यावी, कारण मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. बोटीच्या मध्यभागी, डिझेलच्या धुरापासून दूर बसावे आणि नजर मोबाइलवर न ठेवता क्षितिजावर किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर स्थिर ठेवावी. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेल्या या किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ भागातच बहुतेक बुड्या होतात. बोट नांगरून उभी राहिली की ती चालत असतानापेक्षा अधिक डोलते, हे लक्षात ठेवावे.

अंगात घट्ट बसणारे कपडे असावेत. सोबत कोरडे कपडे आणि जाड टॉवेल घ्यावा; सोलापूरकराला टॉवेलबद्दल वेगळे सांगणे नको. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते, त्यामुळे उन्हाच्या दिवशीही वर आल्यावर हुडहुडी भरते.

साहित्य आणि खुणा

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नसतो. आपण एरवी घेतो तीच साधी हवा त्यात दाबून भरलेली असते. बारा लिटरच्या टाकीत २०० बार, म्हणजे एरवीच्या हवेच्या सुमारे दोनशेपट, दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. श्वास घेताच लागेल तेवढी हवा, भोवतालच्या पाण्याइतक्या दाबाने, तोंडात देण्याचे काम रेग्युलेटर करतो. फ्रान्समध्ये १९४३ साली जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी या यंत्रणेला उपयुक्त रूप दिले. रेग्युलेटरची रबरी तोंडी ओठांनी घट्ट धरावी आणि दातांनी हलकीच पकडावी. ती कचकचून चावल्यास जबडा दुखू लागतो.

मास्क लावताना केस त्याच्या कडेखाली राहू देऊ नयेत. भरघोस मिशा असलेल्यांच्या मास्कमध्ये थोडे पाणी झिरपतेच. ते बाहेर काढण्यासाठी मास्कची वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून, नाकाने हवा सोडावी. चष्मा मास्कच्या आत बसत नाही. पाण्याखाली वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या दिसतात, त्यामुळे सौम्य नंबर असलेल्यांचे त्यावाचून अडत नाही.

खाली बोलता येत नसल्याने खुणा पाठ असाव्यात. तर्जनी आणि अंगठा जुळवून केलेला गोल म्हणजे ‘ठीक आहे’. पंजा आडवा धरून हलवणे म्हणजे ‘अडचण आहे’, आणि त्यानंतर अडचणीच्या जागेकडे, उदाहरणार्थ कानाकडे, बोट दाखवावे. अंगठा वर करणे म्हणजे ‘वर जायचे आहे’. ही शेवटची खूण नवख्यांचा हमखास घात करते. ‘कसे वाटते?’ असे प्रशिक्षकाने विचारताच आनंदाने अंगठा उंचावणाऱ्याला तो बिचारा इमानेइतबारे वर घेऊन जातो.

पाण्यात उतरताना

शिडीने उतरून, बोटीचा दोर धरून, प्रथम पृष्ठभागावरच चेहरा बुडवून दोन मिनिटे श्वास घ्यावा. बाहेर सोडलेल्या हवेचे बुडबुडे कानाशी गडगडतात. तो आवाज सुरुवातीला मोठा वाटतो. श्वास लांब आणि सावकाश असावा, आणि बाहेर सोडण्याकडे अधिक लक्ष द्यावे. घाबरलेला माणूस आत ओढतच राहतो, बाहेर सोडत नाही आणि मग हवा पुरत नसल्याचा भास होतो. दोष टाकीचा नसतो.

पृष्ठभागावरच एकदा कान मोकळे करावेत आणि मग प्रत्येक अर्ध्या मीटरला, दुखण्याची वाट न पाहता, तीच कृती करीत जावे. समुद्रात दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि हवेचे आकारमान निम्मे होते. त्यामुळे सर्वांत झपाट्याचा बदल पहिल्या काही मीटरमध्येच होतो, आणि नवखा माणूस नेमका तेथेच फिरत असतो. माझ्या पहिल्या बुडीत मासे दिसू लागताच मी कानांकडे दुर्लक्ष केले आणि तिसऱ्या मीटरला सुईने टोचल्यासारखी कळ आली. तशा वेळी दुखत्या कानाने जोर लावू नये. प्रशिक्षकाला खूण करून मीटरभर वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा आणि तरीही न जमल्यास बुडी थांबवावी. पैसे गेल्याचे दुःख कानाच्या पडद्यापेक्षा स्वस्त असते.

खाली पोहोचल्यावर हातपाय मारू नयेत. तोल सांभाळणे प्रशिक्षकाचे काम आहे. आपण आडवे, सैल राहावे. लाल रंग काही मीटरमध्येच विरून सगळे निळसर-हिरवे दिसते आणि पट्टेरी माशांचे थवे अगदी हाताशी आल्यासारखे वाटतात. हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. प्रवाळांना हात लावू नये, त्यांवर उभे राहू नये आणि छायाचित्रासाठी माशांना पाव टाकण्याचा आग्रह धरू नये.

वर येताना श्वास चालूच ठेवावा. विहिरीची सवय येथे धोक्याची ठरते. विहिरीत आपण वरून एक छातीभर हवा घेऊन जातो आणि ती वर येताना मूळ आकाराची होते, एवढेच. स्कूबामध्ये मात्र फुप्फुसे खोलीवरच, वाढीव दाबाच्या हवेने भरलेली असतात. ती कोंडून धरून वर आल्यास हवा प्रसरण पावते आणि अवघ्या दीड-एक मीटरच्या चढणीतही फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून सामान्य श्वास घेत, आपल्याच लहान बुडबुड्यांपेक्षा सावकाश वर यावे.

घाट चढण्याची घाई नको

सोलापूरकरांसाठी एक बाब स्वतंत्रपणे सांगावी लागते. पाण्याखाली असताना शरीरात थोडा अधिकचा नायट्रोजन विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो; त्याआधीच उंचावरच्या कमी दाबाच्या हवेत गेल्यास त्याचे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. त्यामुळे एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, अशी शिफारस केली जाते. ती केवळ विमानालाच नव्हे, तर सुमारे ६०० मीटरपासून वरच्या उंचीवरील कमी दाबाला लागू आहे. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, आणि कोणत्याही घाटाने गेले तरी घरी परतण्यासाठी सह्याद्री चढावाच लागतो. उथळ आणि दहा-पंधरा मिनिटांच्या बुडीत धोका अल्प असला तरी दुपारी बुडी घेऊन संध्याकाळी घाट चढण्याऐवजी मुक्काम मालवणातच करावा. भरपूर पाणी प्यावे, त्या दिवशी किल्ल्याच्या तटावर धावपळ किंवा व्यायाम करू नये. कानांत पाणी राहिल्यासारखे वाटल्यास कापूस किंवा काडी न घालता डोके एका बाजूला कलते ठेवावे. दडा दुसऱ्या दिवशीही न सुटल्यास किंवा सांधे दुखणे, अंगाला मुंग्या येणे, चक्कर येणे असे काही जाणवल्यास घाटाची वाट न धरता आधी तेथेच डॉक्टरांना दाखवावे आणि बुडीची खोली व वेळ त्यांना सांगावी.